रुग्णाची हालचाल

"हललात," डोळ्यांच्या स्कॅनचं यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली. "परत हललात."

पुतळाबाईंनी हनुवटी टेकणीवरून उचलली नाही. कपाळ पट्टीला टेकलेलं होतं, समोर हिरवी फुली लुकलुकत होती आणि तिच्याकडे बघण्यापलीकडे काही करायचं नाही, असं बजावलेलं होतं. म्हणून त्या तशाच, ओठांच्या फटीतून बोलल्या.

"मी हलले नाही."

"अहो आजी, स्क्रीनवर दिसतंय ना."

"तुझ्या स्क्रीनला काय दिसतं ते त्याला विचार. मी हलले नाही. आणि मला आजी म्हणू नकोस."

दाराशी उभी असलेली भाची कानकोंडी झाली. "मावशी, गप बस ना जरा."

"गपच बसलेय. जन्मभर गपच बसलेय."

हे अक्षरशः खरं होतं. चित्रकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर बसणं हीच पुतळाबाईंची नोकरी. तरुणपणी बाटल्यांना लेबलं चिकटवायचा कारखाना बंद पडला, तेव्हा शेजारणीनं सांगितलं होतं, "एका ठिकाणी नुसतं बसायचा पगार देतात." त्यांना थट्टाच वाटली. पहिल्या दिवशी उंच स्टुलावर बसवलं आणि थोड्याच वेळात पाय मेला, मान लाकूड झाली, नाकाच्या शेंड्यावर माशी येऊन बसली. तेव्हा कळलं, की नुसतं बसणं हे नुसतं नसतं. अंग आवळून धरलं की ते थरथरतं. भार मांसावर नाही, हाडावर टाकायचा. श्वास छातीत नाही, पोटात घ्यायचा. एकदा गांधीलमाशी मानेवर डसली, तर सरांनी "विश्रांती" म्हणेपर्यंत त्या बसून राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, "चुना आहे का कुणाकडे?"

त्या दिवशी पोरांनी त्यांना पुतळाबाई हे नाव दिलं. आधी टवाळी म्हणून, मग मायेनं. पोरं शिकून गेली, काहींची पोरं शिकायला आली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

काही दिवस कपड्यांशिवायही बसावं लागे. हे थोरल्या बहिणीला कळलं तेव्हा तिनं तोंड बघायचं बंद केलं. ती गेल्यावर तिची मुलगी, ही भाची, मावशीकडे राहायला आली. आईची लाज आणि मावशीची माया, दोन्ही तिच्या वाट्याला आली होती. चारचौघांत मावशीनं आवाज चढवला, की तिचा जीव अर्धा व्हायचा.

डोळ्याचं दुखणं सुरू झालं ते असंच, वर्गात. समोरच्या चित्रफळ्याची सरळ कड मधेच वाकडी दिसायला लागली. मग पहिल्या रांगेतल्या पोरीच्या चेहऱ्यातून नाक गायब झालं. डावा डोळा झाकला की नाक नाही, उजवा झाकला की नाक जागेवर. पुतळाबाईंना आधी हसूच आलं. इतकी वर्षं पोरं त्यांची नाकं चुकवत होती, आता त्यांनी फिट्टंफाट केली होती.

डॉक्टरांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडतंय असं वाटतं. किती खोल, किती रुंद, ते स्कॅन केल्याशिवाय ठरवता येणार नाही. स्कॅन नीट आला की ऑपरेशनचं बघू."

आणि स्कॅन नीट येईना.

ते यंत्र डोळ्यात प्रकाशाची बारीक रेघ सोडतं. रेघ पडद्यावरून सरकत जाते आणि जागोजागची खोली मोजून आणते. त्या सगळ्या मोजण्या शेजारी शेजारी लावल्या की पडद्याचा उभा छेद दिसतो, बंद पुस्तकाच्या पानांसारखे थरावर थर. पुतळाबाईंच्या छेदाला मात्र पायऱ्या पडत. कुणीतरी पुस्तक फाडून तुकडे वरखाली चिकटवावेत, तसं ते दिसे. खाली लाल अक्षरं येत: रुग्णाची हालचाल. पुन्हा प्रयत्न करा. मुलगी पुन्हा प्रयत्न करी, पुन्हा लाल अक्षरं येत. शेवटी ती तेच शब्द फाइलीत लिही आणि डॉक्टर फाइल बघून म्हणत, "पुढच्या महिन्यात या. आणि बाई, जरा सहकार्य करत जा."

रुग्णालय धर्मादाय होतं. सकाळी पैसे भरणारे, दुपारी फुकटवाले. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बाकांवरूनच कळायचं. सकाळी बाकं रिकामी असत, दुपारी भिंतीला टेकून माणसं उभी राहत. दाराशी बसणारा शिपाई दुपारच्या रांगेला रोज प्रवचन द्यायचा.

"आत गेल्यावर हलायचं नाही. सकाळचे लोक बघा, एका फटक्यात काम होतं त्यांचं. तुम्हा लोकांना जरा शिस्त नाही. फुकट आहे ना, म्हणून किंमत नाही."

रांगेतली माणसं माना डोलवायची. कुणी हमाल, कुणी धुणीभांडी करणारी, कुणी सगळा जन्म शिवणयंत्रावर वाकलेला. यंत्र म्हणतंय हललात, म्हणजे हललो असू. मोठ्या यंत्राशी कोण वाद घालणार?

एकट्या पुतळाबाई घालायच्या.

"आपण बाहेर करून घेऊ ना स्कॅन," भाची घरी म्हणाली. "मी भरते पैसे."

"का म्हणून?"

"अगं, डोळा महत्त्वाचा की तुझा हट्ट?"

"बाहेर गेले म्हणजे इथे हलले होते असं झालं. मी हललेली नाही."

"कोण विचारतंय तुला हललीस की नाही? कुणाला पडलंय त्याचं?"

"मला पडलंय," पुतळाबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. भोक वाढतं, एकेक आठवडा मोलाचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 'पुढच्या महिन्यात या' म्हणणाऱ्यानं घाई आहे असं म्हटलं नव्हतं, आणि घाई नसेल तर पडतं घ्यायचं कारणही नव्हतं.

पण तिसऱ्या खेपेनंतर त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. वर्गात बसल्या असताना मधेच वाटायचं, खांदा उतरला का? पापणी फडफडली का? आजवर अंगाला विसरून बसायची सवय होती, आता अंगावर पहारा सुरू झाला. आणि ज्या अंगावर पहारा असतो ते अंग निवांत राहत नाही. एक दिवस वर्ग सुटल्यावर त्यांनी सरांना गाठलं.

"सर, खरं सांगा. मी हलते का हल्ली?"

सर ब्रश पुसत होते, ते थांबले. "तुम्ही? अहो, तुम्ही हलायला लागलात तर मी राजीनामा देईन."

"थट्टा नको. खरं सांगा."

सरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि थट्टा सोडून म्हणाले, "नाही हलत. कुणी म्हटलं?"

पुतळाबाईंनी पिशवी उचलली. घरी येऊन आरशापुढे बसल्या आणि डावा डोळा झाकला. आपण स्थिर आहोत की नाही, हे स्वतःच बघावं. आरशात केस होते, कान होते, गळा होता. चेहऱ्याच्या जागी मात्र ओल्या बोटानं पुसल्यासारखा राखाडी डाग होता. त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग उठून त्यांनी आरशावर टॉवेल टाकला.

चौथ्या खेपेला ती दुपार फारच तापली होती. स्कॅनच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि मुलीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. रोज एवढी रांग, रोज तीच वाक्यं. तिचाही जीव मेटाकुटीला आला होता.

"हललात!"

"नाही."

"आजी, माझ्यावर का राग काढताय? मी मनानं लिहिते का? यंत्र लिहितंय."

"मग यंत्र खोटं बोलतंय."

"यंत्र कशाला खोटं बोलेल?" मुलगी खुर्ची मागे सारून ताडकन उठली. "थांबा. आज दाखवतेच तुम्हाला."

तिनं कपाटातून एक छोटी पेटी काढली. तिच्यात प्लॅस्टिकचा डोळा होता. यंत्र बरोबर आहे की नाही हे तपासायला रोज सकाळी, पहिला माणूस आत यायच्या आधी, तो लावून बघायचा नियम होता. मुलगी नियम चोख पाळायची आणि रोज सकाळी चित्र आरशासारखं स्वच्छ यायचं. तिनं डोळा स्टँडवर बसवला, दोन्ही स्क्रू घट्ट पिळले आणि बोटानं ढकलून दाखवला. तो तसूभरही सरकला नाही.

"हा हलत नाही ना? बघा आता चित्र कसं येतं. म्हणजे तुमची खात्री पटेल."

तिनं बटण दाबलं. रेघ सरकत गेली, चित्र उमटलं. पायऱ्या पायऱ्यांचं, फाटलेलं. खाली लाल अक्षरं आली.

रुग्णाची हालचाल. पुन्हा प्रयत्न करा.

मुलीनं पुन्हा बटण दाबलं. मग पुन्हा. मग तिनं स्क्रू तपासले, तर ते घट्टच होते. पंखा गरगरत राहिला. भाची दारातून आत आली होती, शिपाईही डोकावत होता. पुतळाबाई हळूहळू उठल्या, त्या प्लॅस्टिकच्या डोळ्यापाशी गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "काय रे, शिस्त नाही का तुला? फुकटवाला दिसतोस."

मुलगी मटकन खुर्चीत बसली. ती अगदी हळू म्हणाली, "मी किती जणांना बोलले हो."

दुसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर आला. सरळ माणूस होता. पुतळाबाई बाकावर येऊन बसल्याच होत्या, त्यांनी त्याला हटकून विचारलं आणि त्यानंही हातातला पाना खाली ठेवून सांगितलं.

"कसं आहे मावशी, आत तीन जण काम करतात. एक प्रकाश सोडतो, एक आरसा फिरवून तो प्रकाश सरकवतो आणि एक परत आलेलं मोजतो. तिघांनी एकाच क्षणी सुरुवात करायला हवी. त्यासाठी प्रकाशवाला दर खेपेला एक इशारा पाठवतो, की 'आता'. तो 'आता' मोजणाऱ्यापर्यंत वेळेवर पोचला नाही की मोजणी उशिरा सुरू होते आणि रेघ भलत्याच जागी पडते. इथे त्या इशाऱ्याच्या वायरचा सांधा सैल झालाय. गार असताना चिकटून राहतो, तापला की सुटतो. मग काही इशारे पोचतात, काही नाही."

"आणि यंत्राला वाटतं माणूस हलला."

"यंत्राला काही वाटत नाही हो. चित्र तुटलं की तेच वाक्य दाखवायचं, असं त्याला शिकवलंय." मग तो खोलीभर बघत म्हणाला, "पण इतकं तापायला नको. एसी आहे की इथे. दुपारी बंद असतो का?"

मुलगी फरशीकडे बघत होती. शेवटी शिपायानंच सांगितलं, "सकाळचे पेशंट गेले की बंद करायची ऑर्डर आहे. वीज वाचवायला."

इंजिनिअरनं मान डोलावली आणि कामाला लागला. वायरचा सांधा बदलणं त्याला चहा गार व्हायच्या आत जमलं.

पुतळाबाईंना लगोलग सकाळची वेळ मिळाली. चित्र पहिल्या फटक्यात स्वच्छ आलं. थर सगळे आपापल्या जागी होते आणि मधोमध विहिरीसारखं रुंद भोक. डॉक्टरांनी ते बघून त्याच आठवड्यातली ऑपरेशनची तारीख दिली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर कितीतरी दिवस मान खाली घालून पालथं पडून राहायचं होतं. डोळ्यात भरलेली हवा भोकावर दाबून बसावी म्हणून. जेवताना मान खाली, बोलताना मान खाली. बाकीचे पेशंट कुरकुरतात, चोरून वर बघतात. पुतळाबाई वीट रचल्यासारख्या पडून राहिल्या.

"असं कुणी पाळत नाही," डॉक्टर तपासताना म्हणाले. "कमाल आहे तुमची."

"फाइलीत लिहा तसं," पुतळाबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "आधीचं खोडा आणि हे लिहा."

भोक बुजलं. डाग गेला नाही. लहान झाला, फिकट झाला, पण मधोमध राहिलाच. डॉक्टर म्हणाले, लवकर झालं असतं तर बराच फरक पडला असता. पुतळाबाई म्हणाल्या, "मी तर लवकरच आले होते." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

त्या दिवशी घरी भाचीचा बांध फुटला. "तुझ्या हट्टानं गेला डोळा! मी सांगत होते बाहेर चल. सांगत होते की नाही?"

"सांगत होतीस."

"मग?"

"मग काही नाही. माझा हट्ट चुकला असेल. माझ्या डोळ्यापुरता चुकला असेल." पुतळाबाईंनी तिला जवळ ओढलं. "पण त्या बाकावरची बाकी माणसं कुठे हट्ट करत होती? त्यांनी तर लगेच मान्य केलं होतं, की हललो म्हणून. त्यांच्या डोळ्यांचं काय झालं असेल?"

भाची रडायची थांबली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांच्या डोक्यात ते आलं असावं, पण त्यांनी तिथेच दाबून टाकलं होतं. काचेच्या दारामागची त्यांची खोली दिवसभर गार असे. पुतळाबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"झालं ते वाईट झालं, बाई. पण यंत्र आहे, बिघडणारच. माणूस नाही का आजारी पडत? आणि तुमचं ऑपरेशन आम्ही लगेच करून दिलं."

"यंत्र बिघडलं म्हणून मी एक शब्द बोलले नाही. यंत्र बिघडलं आणि बोलणी आम्ही खाल्ली, याबद्दल बोलतेय. दुपारच्या ज्या ज्या माणसाला हललास म्हणून परत पाठवलंत, त्याला बोलवा. आणि चूक आमची होती, असं तोंडानं सांगा."

"असं कसं सांगता येईल? घरोघरी फोन करून चुका कबूल करत बसू? उद्या लोक दगड घेऊन येतील दारात."

"दगड मारायला दिसावं लागतं, साहेब."

व्यवस्थापकांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही आता निघा."

पुतळाबाई निघाल्या, त्या दाराबाहेरच्या खुर्चीपर्यंत. खुर्ची काचेच्या बरोबर समोर होती. तिथे त्या बसल्या. भार हाडावर, श्वास पोटात, नजर काचेतून आत. संध्याकाळी रुग्णालय बंद झालं तेव्हा उठल्या आणि सकाळी उघडलं तेव्हा पुन्हा येऊन बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. कुणी विचारलं तर सांगत, "साहेबांची वाट बघतेय." व्यवस्थापकांनी आधी दुर्लक्ष केलं. मग खुर्ची फिरवून पाठ केली. मग पडदा ओढला, पण पडद्याच्या कडेतून ती एक बाई दिसतच राहिली. कुणीतरी सतत आपल्याकडे बघत असताना कसं बसायचं, हे ज्याचं त्याला शिकावं लागतं. त्यांना ते येत नव्हतं. फोनवर बोलताना ते अडखळायला लागले. शिपाई आधी "उठा बाई, तमाशा नको" म्हणाला होता. तोच पुढे पाण्याचा ग्लास आणून ठेवायला लागला आणि रांगेपुढचं प्रवचन त्यानं बंद केलं.

शेवटी स्कॅनची मुलगी आली. जेवणाचा डबा तसाच हातात होता. पुतळाबाईंसमोर क्षणभर उभी राहिली, मग दार ढकलून आत गेली. दार उघडंच राहिलं म्हणून सगळं ऐकू आलं.

"सर, त्या सगळ्यांना मी माझ्या तोंडानं सांगितलंय, तुम्ही हललात म्हणून. फोनही मीच करते. मला नोटीस द्यायची तर द्या."

आत खुर्ची करकरली. मग व्यवस्थापक म्हणाले, "दुपारी बोलवा. आणि गाजावाजा नको."

"एसी चालू ठेवून," मुलगी म्हणाली.

फोन लागले, काही लागले नाहीत. एकीनं सांगितलं, आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, येऊन काय करू? एका घरी ज्यांना फोन केला ते गृहस्थच उरले नव्हते. एकजण फोनवरच मुलीला इतकं वाईट बोलला, की ती रिसीव्हर धरून नुसती "हो" म्हणत राहिली. पण पुष्कळजण आले. पुतळाबाई रोज दुपारी स्कॅनच्या खोलीबाहेर बाकावर बसू लागल्या. आता कुणाची वाट बघायची नव्हती, पण घरी करमत नव्हतं.

एक दिवस एक म्हातारा गवंडी आला, बायकोचा हात धरून. पाठीचा कणा वाकलेला, बोटांना चुन्याच्या जुन्या भेगा. फोनवर त्याला नीट ऐकू आलं नसावं. पुन्हा संधी दिली एवढंच त्याला कळलं होतं. तो आत जाताच मुलीला हात जोडून म्हणाला, "या वेळी नाही हलणार, ताई. रोज सराव केलाय. टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून बसतो, ही मागून डोकं धरते. बघा तुम्ही."

मुलगी यंत्रावरचा हात काढून त्याच्याकडे वळली. "बाबा, मागच्या वेळीही तुम्ही हलला नव्हतात. यंत्र बिघडलं होतं."

म्हातारा समजूतदारपणे हसला. मुलगी चांगली आहे, मन राखायला बोलतेय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं हनुवटी टेकणीवर ठेवली, कपाळ पट्टीला लावलं आणि श्वास रोखला. बायको मागे जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही तळवे त्याच्या कानशिलांवर घट्ट ठेवले.

"आजी, हात काढा," मुलगी म्हणाली. "आता गरज नाही त्याची."

म्हातारीनं मान हलवून हो म्हटलं. हात मात्र काढले नाहीत.